विषाचा वेग आणि वैद्याचें अनुमान

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या शेतांत फवारणी करणाऱ्या मजुरांवर व लहान शेतकऱ्यांवर जो प्रसंग ओढवला, त्याची हकीकत वाचकांच्या स्मरणांत असेलच. जुलै ते ऑक्टोबर या अवघ्या चार महिन्यांत आठशेंहून अधिक माणसें विषबाधेनें रुग्णालयांत दाखल झालीं आणि त्यांपैकीं वीसांहून अधिक दगावलीं. त्या वर्षीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर धरावा लागे आणि तुषार तोंडावर व छातीवर उतरत. किडीनें जोर केला म्हणून दोनदोन, तीनतीन औषधें एका पंपांत कालवण्याचा प्रघात पडला होता. (‘औषध’ हाच शब्द आमच्या वऱ्हाडांत या विषांसाठीं रूढ आहे, आणि अर्धा अनर्थ त्या शब्दानेंच केला, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें.) मजुरानें तोंडास फडकें कां बांधलें नाहीं, दुकानदारानें काय विकलें, सरकारनें काय पाहिलें, यांविषयीं तेव्हां विपुल लिहिलें गेलें. भर उन्हांत ओल्या शेतांत आठ तास पंप पाठीवर वागविणाऱ्यास फडक्याचा उपदेश करणें सोपें असतें, एवढेंच म्हणून तो वाद आम्ही बाजूस ठेवतों.

आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. विष अंगांत शिरल्यावर पेशीपेशींत कोणती घडामोड किती वेगानें चालते? आणि ती डोळ्यांस दिसत नसतां बाहेरच्या दोनचार खुणांवरून तिचा अंदाज कसा बांधावा? आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, व आयुष्य गेलें संस्कृत आणि अंकगणित शिकविण्यांत. तरीही हा विषय आम्हांस अगदींच परका वाटला नाहीं. याचें कारण पुढें दिसून येईल.

शरीरांतील प्रत्येक पेशी ही चोवीस तास चालणारी पेठ आहे. एका पदार्थाचें दुसऱ्यांत रूपांतर व्हावयाचें, त्यापासून तिसरा बनावयाचा, कांहीं जाळावयाचें, कांहीं साठवावयाचें, अशा हजारों घडामोडी तींत एकाच वेळीं चालू असतात. त्या सर्वांस मिळून चयापचय म्हणतात. या घडामोडी घडवून आणणारीं जीं प्रथिनें, त्यांस आपल्या पाठ्यपुस्तकांत विकर म्हणतात. डॉक्टरमंडळी एन्झाइम म्हणतात. विकराचा स्वभाव ज्यास जाणावयाचा असेल त्यानें हंगामांत वणीस किंवा पांढरकवड्यास जाऊन कापसाची जिनिंग पाहावी. आरंभीं गाड्या थोड्या येतात. दुप्पट गाड्या आल्या तर दुप्पट रुई निघते. दिवाळीनंतर मात्र दरवाज्याबाहेर रांग लागते, आणि मग गाड्या दुप्पट झाल्या तरी रुई वाढत नाहीं, कारण यंत्राची जेवढी चाल तेवढेंच काम. विकराचें नेमकें असेंच आहे. लिओनोर मायकेलिस व कॅनडाच्या विदुषी मॉड मेंटेन यांनीं १९१३ सालीं बर्लिन येथें साखर फोडणाऱ्या एका विकरावर प्रयोग करून हा नियम गणितांत बसविला. त्यांत दोन आकडे मुख्य : एक, यंत्राची जास्तींत जास्त चाल, दुसरा, माल किती असतां ती चाल निम्मी होते तें प्रमाण. पुढें १९२५ सालीं ब्रिग्ज व हाल्डेन यांनीं या नियमाची मांडणी अधिक व्यापक केली. हे हाल्डेन म्हणजे १९५७ सालीं इंग्लंड सोडून हिंदुस्थानांत येऊन राहिलेले, येथील नागरिकत्व पत्करलेले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारलेले जे. बी. एस. हाल्डेन होत.

आतां एका विकराचा माल तो दुसऱ्याचा कच्चा माल, अशी सांखळी जोडली म्हणजे आमच्या जुन्या अंकगणितांतील हौदाचें उदाहरण तयार होतें. एक नळ हौद इतक्या तासांत भरतो, दुसरा इतक्या तासांत रिकामा करतो. दोन्ही उघडे ठेविले तर काय होईल? प्रत्येक पदार्थाचा एकेक हौद कल्पावा, येणाऱ्या नळांतून जाणारे नळ वजा करावे, आणि हे शेंकडों हिशेब एकदम सोडवावे. पेशीच्या चयापचयाचें गतिशास्त्रीय प्रतिमान म्हणतात तें एवढेंच. कल्पना सोपी, अडचण नळांच्या आकड्यांची आहे. परीक्षानळींत विकर एकटें असतें, पेशींत तें गर्दींत असतें. हॉलंडमधील टॉयसिंक व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं किण्वाच्या पेशीनें साखर पचविण्याच्या मार्गांतील विकरें एकेक करून मोजलीं, व त्या आकड्यांचें प्रतिमान रचून तें जिवंत पेशीशीं ताडून पाहिलें. सुमारें निम्मीं विकरें दुपटीच्या मर्यादेंत जुळलीं, उरलेलीं जुळलीं नाहींत. किण्व हा शास्त्रज्ञांचा शंभर वर्षांचा सोबती. त्याची ही कथा, तर यवतमाळच्या मजुराच्या यकृताची काय असेल?

त्या मजुराकडेच वळूं. मज्जातंतूकडून स्नायूस जो निरोप जातो, तो असिटिलकोलीन नांवाच्या द्रव्याच्या रूपानें जातो. निरोप पोंचला कीं तो तत्काळ पुसला गेला पाहिजे. नाहीं तर स्नायु व ग्रंथि थांबावयाच्या नाहींत. पुसण्याचें काम कोलिनेस्टरेज हें विकर करतें, आणि त्याची चपळाई इतकी कीं त्याचा एक रेणु सेकंदास हजारों निरोप पुसतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस इत्यादि फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें या विकरास चिकटून बसतात. मग निरोप सांचत जातात : बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, लाळ व घाम वाहूं लागतात, छातींत पाणी भरतें, आणि अखेरीस श्वासाचे स्नायु थकून पडतात.

विष चिकटलेल्या विकरापुढें दोन वाटा असतात. एक म्हणजे विष आपोआप गळून पडून तें मोकळें होणें. दुसरी म्हणजे विषाचा एक तुकडा तुटून उरलेला भाग असा घट्ट बसणें कीं तें विकर कायमचें निकामी व्हावें. या दुसऱ्या अवस्थेस शास्त्रांत विकराचें ‘जरण’ म्हणावें असें आम्ही सुचवितों. इंग्रजींतील शब्दाचा अर्थही म्हातारपण असाच आहे. दोन्ही वाटांचे वेग मोजलेले आहेत. मोनोक्रोटोफॉस ज्या गटांत येतें त्या डायमेथिल गटाच्या विषांत निम्मीं विकरें सुमारें ०.७ तासांत मोकळीं होतात, तर निम्म्यांस जरा येण्यास सुमारें ३.७ तास लागतात. क्लोरपायरिफॉस ज्यांत मोडतें त्या डायएथिल गटांत हेच आकडे ३१ तास व ३३ तास असे आहेत. प्रोफेनोफॉसची जात याहून वेगळी. त्यांत जरा फारच लवकर येते.

वाचकांनीं येथें क्षणभर पेन्सिल हातीं घ्यावी. डायमेथिल विष एकदांच अंगांत गेलें व लागलींच नाहींसें झालें, तर शंभर बाधित विकरांपैकीं सुमारें ८४ मोकळीं होतील व १६ निकामी होतील. म्हणजे निसर्गच बरा करील. परंतु विष रक्तांत शिल्लक असेल, तर सुटलेलें विकर पुन्हां पकडलें जातें, आणि पहिल्या वाटेचा कांहीं उपयोग राहत नाहीं. मग दर ३.७ तासांनीं निम्मीं निकामी होत जावयाचीं. सायंकाळीं चारला भोवळ आलेला मजूर रात्र घरीं काढून सकाळीं सातला घाटंजीहून किंवा आर्णीहून यवतमाळच्या रुग्णालयांत पोंचला, तर मध्यें पंधरा तास गेले. शंभरांपैकीं वांचविण्याजोगीं विकरें उरलीं सुमारें सहा. विष काढून टाकणारें जें प्रॅलिडॉक्सिम हें औषध आहे, तें जरा न आलेल्या विकरावरच चालतें. अट्रोपीन हें दुसरें औषध निरोपाचा परिणाम तेवढा अडवितें, विकरास हात लावीत नाहीं; तें कोणत्याही घटकेस उपयोगी पडतें व प्राण वांचवितें, पण मूळ दुखणें तसेंच राहतें. निकामी झालेल्या विकराची भरपाई अंगांत नवें तयार होईल तसतशी होते. रक्तांतील तांबड्या पेशींत तर ती रोज शेंकडा एकाच्या आसपास.

कालवलेल्या विषांचा प्रकार आणखी बिकट. त्या वर्षींच्या पंपांतून फवारलें जाणारें एक तयार मिश्रण म्हणजे प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन. एकट्या सायपरमेथ्रिनला माणसाचें यकृत बऱ्याच अंशीं फोडून टाकतें. तें काम करणारें विकर कार्बोक्सिलेस्टरेज. परंतु प्रोफेनोफॉस त्याच विकरास बांधून टाकतें! चोरानें घरांत शिरण्यापूर्वीं पहारेकऱ्यास खाटेस जखडावें आणि मग साथीदारास आंत घ्यावें, असा हा मामला आहे. डायफेन्थियुरॉन नांवाचें तिसरें एक विष वापरांत होतें. तें स्वतः फारसें कांहीं करीत नाहीं. त्याचें रूपांतर झाल्यावर जें द्रव्य बनतें तें पेशींतील शक्ति-उत्पादनाचें चाकच अडवितें. त्या चाकावर जें ए. टी. पी. घडतें, त्याच्या शोधांत १९२९ सालीं आपल्या आंध्रांतील यल्लाप्रगड सुब्बाराव यांचा वांटा होता, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें. तात्पर्य, दोन विषांची बेरीज ही अंकगणितांतली बेरीज नसते. हौद एकमेकांस जोडलेले असल्यामुळें एका नळाची तोटी फिरविली कीं दुसऱ्याचें पाणी चढतें.

असा रोगी समोर आला असतां वैद्यास काय ठाऊक असतें? बाटलीचें नांव बहुधा नाहीं, मात्रा नाहीं, वेळ अंदाजानें. ठाऊक असतात त्या खुणा. कार्यावरून कारणाकडे जावयाचें आहे. येथेंच आमच्या संस्कृत पाठांची आम्हांस आठवण झाली. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट. मेघ दाटले, आतां पाऊस पडेल, हें पूर्ववत्. नदी दुथडी भरली, म्हणजे वर पाऊस झाला असावा, हें शेषवत्. प्रतिमान म्हणजे पूर्ववत् : आकडे द्या, पुढें काय होईल तें सांगतों. वैद्यास हवें असतें शेषवत्. आणि शेषवतावर सूत्रांतच आक्षेप घेतलेला आहे कीं, नदी बांध घातल्यानेंही चढते. मग पावसाचें अनुमान खरें कशावरून? भाष्यकारांनीं त्यास दिलेलें उत्तर पैनगंगेच्या कांठच्या कोणाही शेतकऱ्यास पटेल : पावसाच्या पुराचें पाणी वेगाचें असतें, त्यावर फेंस असतो, तें पानें, फळें, लांकडें वाहून आणतें, तुंबलेलें पाणी तसें नसतें. अर्थात् एक खूण पुरत नाहीं. खुणा जोडीत जाव्या, आणि प्रत्येक खूण कोणत्या कारणानें अधिक संभवते तें तोलावें.

हा तोल आंकड्यांत कसा मांडावा, तें इंग्लंडांतील थॉमस बेज या धर्मोपदेशकानें लिहून ठेविलें. तो १७६१ सालीं वारला. निबंध १७६३ सालीं त्याच्या मित्रानें, रिचर्ड प्राइस यानें, प्रसिद्ध करविला. फ्रान्सच्या लाप्लासनें तीच गोष्ट स्वतंत्रपणें मांडून वाढविली. विसाव्या शतकांत बराच काळ ही पद्धति विद्वानांच्या नापसंतींत होती, कारण तींत आधींचें मत हिशेबांत धरावें लागतें, आणि मताला शास्त्रांत जागा कोठली, असें ते म्हणत. तिचा कैवार घेणाऱ्या थोड्यांपैकीं केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज हे एक; त्यांचा ग्रंथ १९३९ सालचा. त्यांच्याच हाताखालीं आमच्या महाराष्ट्राचे, कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार शिकले, आणि परत येऊन पुणें विद्यापीठांत त्यांनीं संख्याशास्त्राचें अध्यापन उभें केलें. १९७४ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. त्यांचें नांव गणितज्ञांच्या बाहेर फारसें कोणास ठाऊक नाहीं, ही आम्हां मराठी लोकांची नेहमींची रीत.

उदाहरण घेऊं, यांतील आकडे केवळ समजुतीसाठीं आम्हीं कल्पिले आहेत. फवारणीनंतर आजारी पडून आलेल्या शंभरांत साठांस फॉस्फरसयुक्त विष बाधलें आहे व चाळीसांस इतर कांहीं, असें समजा. पहिल्या प्रकारांत शंभरांपैकीं ऐंशींच्या बाहुल्या बारीक होतात, दुसऱ्यांत दहांच्या. आतां बाहुल्या बारीक असलेले किती? साठांतून ४८ व चाळीसांतून ४. म्हणजे अशी खूण दिसली तर फॉस्फरसयुक्त विषाचा संभव ५२ त ४८, शेंकडा ९२. पण जेथें तें विष शंभरांत दहांनाच बाधलेलें आहे, अशा गांवीं तीच खूण दिसली तर? ८ विरुद्ध ९. संभव निम्म्याहूनही कमी. खूण तीच, निष्कर्ष निराळा. म्हणून आधींचें ज्ञान सोडून देतां येत नाहीं. त्यास पूर्वग्रह म्हणून हिणवणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं बेजच्या रीतींत तें उघडपणें लिहून ठेवावें लागतें, आणि नवा पुरावा येईल तसें बदलावें लागतें; आपल्या नेहमींच्या पूर्वग्रहांस यांपैकीं एकही नियम लागू नाहीं.

प्रॅलिडॉक्सिमविषयीं जो वाद झाला त्यावर हा दिवा धरून पाहावा. बारामती येथें डॉ. पवार व त्यांचे सहकारी यांनीं दोनशें रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग केला. तो २००६ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत छापला गेला. सर्वांस आरंभीं दोन ग्रॅम देऊन, निम्म्यांस पुढें अठ्ठेचाळीस तास दर तासास एक ग्रॅम सतत दिलें, व निम्म्यांस चार तासांनीं एक ग्रॅम. सतत देण्याच्या गटांत शेंकडा एक दगावला, दुसऱ्यांत आठ. महाराष्ट्राच्या एका तालुक्याच्या गांवांतून असें काम जगापुढें जावें, याचा अभिमान वाटतो. परंतु २००९ सालीं सिंहलद्वीपांतील एका प्रयोगाचा निकाल आला : औषध दिलेल्या १२१ पैकीं ३० दगावले, न दिलेल्या ११४ पैकीं १८. कोणी म्हणालें, औषध तारक; कोणी म्हणालें, निरर्थक.

आम्हांस विचाराल तर दोन्ही ठिकाणच्या वैद्यांनीं प्रामाणिकपणें जें दिसलें तें सांगितलें. विष कोणत्या गटाचें, मात्रा किती, रोगी कितव्या तासास आला आणि रक्तांत विष किती शिल्लक, यांवर औषधाचा गुण अवलंबून असतो, हें वरच्या हौदांच्या हिशेबावरूनच निघतें. डायएथिल विषाचा रोगी दहाव्या तासास आला तरी औषधास काम करावयास पुष्कळ जागा आहे. प्रोफेनोफॉसच्या रोग्यांत ती जवळजवळ नसते. मग ‘औषध चालतें कीं नाहीं’ असा सरसकट प्रश्न विचारण्याऐवजीं ‘या रोग्यांत, या तासास, चालण्याचा संभव किती’ असें विचारावें लागतें. असा प्रश्न सोडवावयास गतीचें प्रतिमान व बेजची रीत दोन्ही एकत्र लागतात.

तशीं कामें झालेलीं आहेत. क्लोरपायरिफॉस अंगांत कसें फिरतें, यकृतांत कसें बदलतें व कोलिनेस्टरेजास कसें बांधतें, याचें संपूर्ण प्रतिमान अमेरिकेंतील टिमचॉक व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्याही आधीं, १९९६ सालीं, गेलमन, बॉइस व जिआंग यांनीं सुके कपडे धुण्याच्या एका द्रावणाच्या चयापचयाचा अभ्यास केला. मोजमापें होतीं अवघ्या सहा माणसांचीं. अज्ञात आकडे मात्र पुष्कळ. शरीराच्या अवयवांविषयीं आधीं जें ठाऊक होतें तें त्यांनीं पूर्वज्ञान म्हणून घातलें, सहा जणांच्या मोजमापांनीं तें सुधारलें, आणि उत्तर काढलें तें एका आकड्याचें नव्हे, तर आकड्यांच्या पट्ट्याचें. हा हिशेब कागदावर होत नाहीं. गणकयंत्र संभाव्य आकड्यांच्या प्रदेशांत लाखों पावलें टाकीत हिंडतें. अधिक संभव असेल तेथें अधिक रेंगाळतें, कमी असेल तेथून लवकर निघतें, आणि कोठें किती वेळ रेंगाळलें त्यावरून संभवाचा नकाशा तयार होतो. ही युक्ति मेट्रोपोलिस व सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं अगदीं निराळ्या कामासाठीं शोधली होती. अलीकडे तीच रीत किण्व व जंतूंच्या संपूर्ण चयापचयास लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. परीक्षानळींतील आकडा हा तेथें अंतिम सत्य नसून पूर्वज्ञान मानला जातो, आणि जिवंत पेशीच्या मोजमापांनीं त्यास दुरुस्त केलें जातें. टॉयसिंक यांच्यापुढें उभ्या राहिलेल्या अडचणीस हें बरेंचसें उत्तर आहे.

यंत्र कितीही हुशार असलें तरी तें हिंडावयास कांहीं मोजमापें लागतातच, आणि यवतमाळच्या प्रसंगांत उणीव होती ती याची. कोलिनेस्टरेजाची रक्ततपासणी जिल्ह्याच्या रुग्णालयांतच व्हावी, ही मागणी त्या वर्षीं पुढें आली, ती रास्तच होती. परंतु नुसती एकदां केलेली तपासणी पुरत नाहीं. हें विकर निरोगी माणसांतही कमीअधिक असतें. एकाचा उतरलेला आकडा दुसऱ्याच्या नेहमींच्या आकड्याइतका असूं शकतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९७४ पासून ही विषें हाताळणाऱ्यांची तपासणी हंगामापूर्वींच करून ठेवितात. पुढें तांबड्या पेशींतील विकर स्वतःच्याच मूळ आकड्याच्या शेंकडा ८० च्या खालीं गेलें तर कामाच्या पद्धतीची चौकशी होते, आणि ७० वर आलें तर त्या माणसास फवारणीवरून दूर ठेवावें लागतें. प्रत्येकाचा आधींचा आकडा टिपून ठेवणें, हेंच त्या माणसापुरतें पूर्वज्ञान.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांची शेती अद्यापि गांवीं आहे, व ती वांट्यानें किंवा मजुरांकरवीं होते. पंप दुसऱ्याच्या पाठीवर असला तरी बाटली बहुधा आपल्या पैशांनीं आलेली असते. मजुरास भोवळ आली तर त्यास रुग्णालयांत नेतांना बाटल्या, असतील तितक्या सर्व, पिशवींत घालून बरोबर न्याव्या. कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, पण धुण्यापायीं निघण्यास फार वेळ लावूं नये. फवारणी केव्हां सुरू झाली, केव्हां थांबली व पहिली भोवळ किती वाजतां आली, तें एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातीं द्यावें. ३.७ तासांचा हिशेब त्या चिठ्ठीवरील वेळेपासून सुरू होतो.